जाताना बोलका, येताना मुका

मला लोक भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाच्या पिशवीत काय आहे हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तेव्हा विचारलं नसतं तर हुसेनमियाँची ही गोष्ट मला कळलीच नसती. आमचे हे, म्हणजे श्रीपाद, लग्न झाल्यापासून एकच वाक्य घोकत आलेत, "प्रमोदिनी, तुला काय करायचंय?" अहो, करायचं काही नाही, कळून घ्यायचंय! पण हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आम्ही तबूकला राहतो. श्रीपाद इथल्या एका शेती कंपनीत पंपांचे इंजिनीअर. हो, वाळवंटात शेती. जमिनीखालचं पाणी उपसून गोल गोल शेतं भिजवतात, गहू घेतात, बटाटा घेतात. शेताच्या कडेला आमची वसाहत, आणि शहर तिथून दक्षिणेला पाऊण तासावर. मधला रस्ता असा सरळ, की स्टिअरिंगला हात लावायचं कामच नाही. आता मी तो रस्ता माझी मी गाडी चालवत जाते. पण ही गोष्ट आम्ही नवे होतो तेव्हाची. तेव्हा इथे बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती. मुलांची शाळा, आमचा बाजार, दवाखाना, सगळं कंपनीच्या एका पांढऱ्या व्हॅनवर अवलंबून, आणि व्हॅन हुसेनमियाँवर.

पहिल्याच आठवड्यात व्हॅन पंक्चर झाली. हा उंच, किडकिडीत, जाळीची टोपी घातलेला ड्रायव्हर खाली उतरला, टायरला लाथ मारून म्हणाला, "मेल्या, आजच बरा सापडलास!" मी सीटवर उडालेच.

"अहो, तुम्ही मराठी?"

"मग काय वहिनी, दाभोळचा हाय मी. खाडीच्या कडेला घर माजा. तुम्ही?"

"कऱ्हाडची."

"मंग घाट उतरला की माजा गाव," म्हणाले, आणि जॅक लावायला वाकले. झालं. त्या दिवसापासून आमच्या गप्पा सुरू झाल्या. व्हॅनमधल्या बाकीच्या बायकांना आमचं एक अक्षर कळायचं नाही, म्हणून आम्ही दोघं मोकळेपणानं सगळ्यांविषयी बोलायचो.

माणूस कामाला चोख. ऐंशीच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत. डॅशबोर्डवर लाल फरचा गालिचा अंथरलेला, तो रोज सकाळी जुन्या केसांच्या ब्रशनं विंचरायचे. मी विचारलं, ही कसली हौस? तर म्हणाले, "वाळू बसते वहिनी. एक दिवस नाय विंचरला तर म्हाताऱ्या बोकडासारखा दिसतो." आधी खमीस मुशैतला किराणा दुकानात होते, मग मदिनेला हाजी लोकांची बस चालवली, मग इथे. कफील म्हणजे मालक बदलले, इकामे म्हणजे राहण्याचे परवाने बदलले, पण वीस-बावीस वर्षांत देश काही सुटला नाही. घरी बायको बिलकिस. मुलगी अदिबा, तिचंही लग्न झालेलं.

एका जानेवारीत ते व्हॅनमध्ये एक खोकं घेऊन आले. पंपावरचा एक फिलिपिनो मेकॅनिक कायमचा मायदेशी चालला होता, त्याचं सामान विकत घेतलेलं. खोक्यात काय आहे हे मी विचारलं नसतं तर मला रात्री झोप लागली नसती.

"रेडिओ हाय वहिनी. साधा नाय. वर आभाळात उपग्रह फिरतो ना, त्याच्यावरनं बोलतो. जगात कुठंबी लागतो. आपल्याकडचा एक मराठी केंद्रसुद्दा लागतो म्हणे."

तसली एक कंपनी होती तेव्हा. पुढे बंद पडली, आणि आता तर फोनवर सगळं जग ऐकू येतं. पण त्या वेळी मला ते जादूसारखंच वाटलं. आमच्या गॅरेजसमोर व्हॅन उभी करून हुसेनमियाँ आणि श्रीपाद दोघं कामाला लागले. मी अर्थातच खुर्ची टाकून समोर बसले. रेडिओ म्हणजे पुस्तकाएवढा डबा. त्याला वीज सिगारेट पेटवायच्या भोकातून द्यायची. त्याची एक वायर कॅसेटच्या आकाराच्या पट्टीला जोडलेली, ती पट्टी गाडीच्या टेपमध्ये सरकवली की आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो. आणि अँटेना म्हणजे साबणाची वडीच, चपटी, काळी, तळाशी लोहचुंबक. ती छतावर ठेवली, वायर दाराच्या रबरातून आत घेतली, बटण दाबलं. क्षणभर खरखर नाही, काही नाही, आणि एकदम एक बाई स्वच्छ मराठीत कांद्यावरच्या करप्याविषयी सांगायला लागली!

आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. समोर वाळवंट, मागे वाळवंट, आणि ही बाई करप्यावर काय फवारायचं ते सांगतेय.

"पण हुसेनमियाँ," मी म्हटलं, "तुमच्या घरी ना कांदा, ना शेत. हे कशाला हवंय तुम्हाला?"

ते काही बोलले नाहीत. श्रीपादनी माझ्याकडे डोळे वटारले. मी दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तिसऱ्या दिवशी परत विचारलं. शेवटी कंटाळून त्यांनी सांगितलं.

त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री हळदीला बायका गाणी म्हणतात. आत, बायका-बायकांत. पुरुष बाहेर मांडवात. बिलकिस त्यात गाते. सगळी वाडी म्हणते, बिलकिस नसेल तर हळद चढत नाही. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणं येतं.

"आणि मी," हुसेनमियाँ म्हणाले, "मी कदी आयकला नाय तिचा आवाज."

"असं कसं होईल?"

"असाच झालाय. मी शाळेचा ड्रायव्हर. सुट्टी मिळते शाळा बंद झाल्यावर, जुलै-आगष्टात. आमच्याकडं त्या पावसात लग्न कोण करतो? लग्नं एप्रिल-मे मधी. मी पोचतो तवा मांडव उतरून गोठ्यात ठेवलेला असतो."

"आणि अदिबाच्या लग्नात?"

"निकाहच्या सकाळी पोचलो. हळद आदल्या राती झाली."

"अहो मग घरी गाऊन घ्यायचं की! फोनवर म्हणायला सांगायचं!"

त्यावर ते इतके लाजले की मलाच हसू आलं. "ती नाय गात माज्यासमोर. लाज वाटते म्हणते. फोनवर सांगितला तर फोन ठेवून देते. एवढी मोठी पोर झाली आमाला, तरी लाज."

आणि त्या महिन्यात त्याच मराठी केंद्राचे रेडिओवाले त्यांच्या वाडीत आले होते. त्यांनी पाच बायकांची गाणी रेकॉर्ड करून नेली होती. लग्नसराईत, एप्रिलमध्ये लावणार होते. बिलकिसनं नवऱ्याला ही बातमी सांगितली ती या बोलीवर, की तुम्ही तिकडे आहात, तुम्हाला काही ऐकू येत नाही, म्हणून सांगते हं; नाहीतर सांगितलं नसतं.

"तिला माहीत नाय, असला रेडिओ असतो," हुसेनमियाँ म्हणाले. "वहिनी, एकदा आयकायचाय मला. एकदाच. मंग परत इचारणार नाय तिला."

आता सांगा, माझ्यासारख्या बाईच्या हाती असली गोष्ट लागल्यावर मी गप्प बसेन? मी ठरवूनच टाकलं, काय वाट्टेल ते झालं तरी या माणसानं बायकोचा आवाज ऐकलाच पाहिजे.

पण आठवड्यातच पहिली माशी शिंकली. कंपनीच्या गाड्या बघणारा मुदीर, म्हणजे साहेब, सुदानी होता. माणूस चांगला, पण धास्तीखोर. त्यानं छतावरची ती काळी वडी पाहिली आणि हात जोडले. तबूक म्हणजे लष्कराचं गाव. रस्त्यात तपासणीची चौकी. छतावर हे काय, हे रोज कोण समजावत बसणार? आत काय ठेवायचं ते ठेवा, छतावर काही नको. खलास.

म्हणून अँटेना आत आली, डॅशबोर्डवरच्या लाल गालिच्यावर. हुसेनमियाँनी तिच्याखाली लाकडाची पाचर लावून ती तिरपी केली, आणि तोंड केलं डावीकडे. शहराकडे जाताना डावीकडे पूर्व येते.

"डावीकडे का?" मी विचारलं.

"गावचा रेडिओ हाय ना? मंग गावाकडंच तोंड पायजे. दाभोळ त्या बाजूला."

मलाही ते अगदी बरोबर वाटलं. श्रीपादनीही मान डोलावली. जाताना रेडिओ छान बोलला. बाजार झाला, परत निघालो. हुसेनमियाँनी न विसरता अँटेनाचं तोंड उजवीकडे केलं, कारण येताना पूर्व उजवीकडे. आणि रेडिओ ढिम्म. वसाहतीच्या फाटकापर्यंत ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. जाताना बोलका, येताना मुका. तिसऱ्या दिवशी तेच.

मग काय विचारता, व्हॅनमध्ये जो तो शास्त्रज्ञ झाला! श्रीपाद म्हणाले, वायर कुठेतरी ढिली आहे. त्यांनी फ्यूज बदलले, पुढची सीट उपटून परत बसवली. जाताना बोलका, येताना मुका. मी म्हटलं, येताना गाडीत सामान असतं, तेलाचे पत्र्याचे डबे असतात, ते आवाज अडवत असणार. एक दिवस डबे घेतलेच नाहीत, घरी तेलाशिवाय स्वयंपाक केला. काही उपयोग झाला नाही. हुसेनमियाँचं म्हणणं, शहरात मोठा टॉवर असेल, त्याच्याकडे जाताना लागतो. पण मग शहरापासून सगळ्यात लांब, फाटकातून निघता निघताच कसा लागतो? उम्म करीम म्हणून एक इजिप्तची बाई आमच्यात होती, तिचा नवरा गुरांचा डॉक्टर. तिनं एका क्षणात निदान केलं. नजर लागलीय. दुसऱ्या दिवशी तिनं एक निळा मणी आणून आरशाला टांगला. तो मणी पुढे वर्षभर तिथे लोंबत होता, येताना मुक्या रेडिओकडे बघत.

माझ्या डोक्यात तो किडा वळवळायचा थांबेना. पोळ्या लाटताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. फाटकातून बाहेर पडतो तोच रस्ता, परत येतो तोच रस्ता. आभाळ तेच, उपग्रह तोच. मग या मेल्याला आमचं परत येणं आवडत नाही की काय?

उकल झाली ती कॉफीच्या किटलीपाशी. तबूकमध्ये एका मोठ्या गोल चौकात सिमेंटची घराएवढी अरबी किटली उभी होती. फेब्रुवारीतली दुपार होती, घरी निघालेलो. चौकात शिरताना रेडिओ चालू होता, अर्धा वळसा झाला आणि बंद पडला. हुसेनमियाँना काय वाटलं कोण जाणे, बाहेर पडायच्या रस्त्यावर न वळता त्यांनी दुसरा फेरा घेतला. रेडिओ चालू झाला! परत बंद. तिसरा फेरा. चालू, बंद. मागून उम्म करीम ओरडायला लागली, "हुसेन! यल्ला, चल लवकर! घरी माझं मांस वितळतंय!"

"थांबवू नका! अजून एक!" मी ओरडले.

चौथ्या फेऱ्यात मी रेडिओकडे बघतच नव्हते. मी बघत होते गालिच्याकडे. अर्ध्या फेऱ्यात लाल गालिच्यावर झगझगीत ऊन यायचं आणि बाई बोलायची. उरलेल्या अर्ध्यात छताची सावली पडायची आणि बाई गप्प! पापड वाळत घालणाऱ्या बाईला ऊन-सावली शिकवावी लागत नाही, पण महिनाभर तेच समोर असून दिसलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"हुसेनमियाँ, ऊन! ज्या बाजूनं दुपारचं ऊन येतं ना, त्याच बाजूला तुमची बाई बसलीय!"

संध्याकाळी श्रीपादना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. हे असले उपग्रह विषुववृत्ताच्या वर एका जागी उभे असतात. तबूकहून बघितलं तर दक्षिणेच्या आभाळात. शहराकडे जाताना पुढची काच दक्षिणेला, म्हणून अँटेनाला आभाळ दिसतं. येताना तिच्या डोक्यावर गाडीचं लोखंडी छत. "मला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या, मला तरी कुठे सुचलं. पूर्वेकडे तोंड करायला आपण तिघांनीही माना डोलावल्या होत्या. लांब वायर जोडून अँटेना मागच्या काचेला लावायचाही प्रयत्न झाला. पण तसली वायर तबूकमध्ये मिळेना, आणि टीव्हीची वायर जोडली तर रेडिओ जाताना बोलायचाही बंद झाला. ती काढून टाकली.

हुसेनमियाँना मात्र आश्चर्य वेगळंच होतं. रात्री नमाज झाल्यावर ते वसाहतीच्या कट्ट्यावर बसून कितीतरी वेळ दक्षिणेकडे बघत होते. "गावचा आवाज गावाकडनं येत नाय, वहिनी," म्हणाले. "आधी वर जातो, मंग त्या बाजूनं खाली येतो. आणि आपण मेले पूर्वेकडं कान लावून बसलेलो."

एप्रिलमध्ये बिलकिसचा निरोप आला. गुरुवारी, दुपारी अडीच वाजता लागणार. तिकडचे अडीच म्हणजे इकडचे बारा. आणि गुरुवारी बारा म्हणजे आमची बाजारातून परत यायची वेळ! दुपारच्या नमाजाला दुकानं बंद होतात, त्याआधी सगळ्यांना गाडीत घालून निघायचं हा नेम. व्हॅन नेमकी घराकडे तोंड करून धावत असणार, म्हणजे नेमकी मुकी. दुसरा ड्रायव्हर नव्हता. तेव्हा आम्ही दोघांनी बेत केला. अकराला सगळ्यांना गोळा करायचं, पावणेबाराला फाटकात पोचायचं, बायकांना उतरवायचं, व्हॅन शहराकडे तोंड करून उभी करायची.

बेत आम्ही केला, पण उम्म करीम तो पाळेल तर शपथ! तिला त्या दिवशी पडद्यांचं कापड घ्यायचं होतं. निळं घेऊ की हिरवं. मी चारदा सांगितलं, निळं घे. तिनं हिरवं बघितलं, परत निळं बघितलं, मग दुकानदाराला दोन्ही उलगडायला लावली. हुसेनमियाँ दुकानाबाहेर उभे, घड्याळ बघत होते. शेवटी मी निळं बांधायला लावलं आणि तिचा हात धरून तिला ओढत बाहेर आणलं. ती मला अरबीत काहीबाही बोलली. मीही मराठीत बोलले.

निघालो तेव्हा उशीर झालेला होता. रस्ता मोकळा, पण ऐंशीच्या वर काटा नाही. मी म्हटलं, आज जरा दाबा की. ते म्हणाले, "मागं सहा बायका बसल्यात, वहिनी." अर्धा रस्ता गेला आणि घड्याळात बाराला दोन मिनिटं उरली. हुसेनमियाँनी एकदा रेडिओकडे पाहिलं, एकदा आरशात मागे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा बघून माझा संताप संताप झाला. कोणावर ते मला सांगता येणार नाही.

"गाडी फिरवा," मी म्हटलं.

"वहिनी, रस्त्यात थांबायची परवानगी नाय. मुदीर..."

"मुदीरला मी बघते. तुम्ही गाडी फिरवा आधी!"

त्यांनी वेग कमी केला, आरसे बघितले, सावकाश वळसा घेतला आणि रस्ता सोडून कडेच्या वाळूत व्हॅन उभी केली. तोंड दक्षिणेला. आमच्याकडे दक्षिणेकडे तोंड करून कोणी जेवायलासुद्धा बसत नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या दिशेला नमस्कार केला. गालिच्यावर ऊन पडलं. रेडिओ जागा झाला.

मागून एकच गलका. काय झालं, का थांबलो, पंक्चर का? मी मागे वळून हिंदीत, मोडक्या अरबीत, हातवारे करून सांगितलं, "याची बायको. रेडिओवर. गाणार. आता." सगळ्या पुढे सरकल्या. उम्म करीमनं कापडाची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

निवेदकानं दाभोळच्या महिलांची हळदीची गाणी म्हणून सांगितलं, पाच नावं एकापाठोपाठ एक वाचली. तिसरं नाव बिलकिस. हुसेनमियाँनी टोपी सारखी केली. मग ढोलकीसारखं काहीतरी वाजलं, बहुतेक घमेलं असावं, आणि बायकांनी सूर धरला.

"मांडवाच्या दारी गो, केळ कोणी लावली,
नवरीच्या बापाची गो, वाट कोणी पायली..."

एक आवाज पुढे, खणखणीत, ओळ उचलणारा. त्याच्यामागून बाकीच्या. ओळ संपली की सगळ्या थांबायच्या, आणि थांबल्यावरही एक बारीकसा सूर तेवढा थोडा वेळ रेंगाळायचा. मग पुढची ओळ. किती साधं होतं ते, पण माझ्या अंगावर काटा आला. दुसरं कडवं सुरू झालं आणि उम्म करीमला काय झालं कोण जाणे, लग्नाचं गाणं तिला भाषेशिवाय कळलं. तोंडावर आडवा हात धरून, जीभ हलवत तिनं ते त्यांच्याकडे लग्नात करतात तसं लांबच लांब "लू-लू-लू-लू" केलं! सगळी व्हॅन टाळ्या वाजवायला लागली. मी हसत हसत हुसेनमियाँकडे पाहिलं.

ते हसत नव्हते. त्यांनी कान स्पीकरला लावला होता. माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, ह्यातली बिलकिस कंची?"

मी म्हटलं, "ती पुढची असणार. खणखणीत आवाजाची. गावात पहिली म्हणतात ना तिला."

"नक्की?"

नक्की कसं सांगू? मी परत गाण्याकडे कान दिला. पाच बायका, पाच आवाज, एकमेकींत मिसळलेले. तिसरं कडवं झालं, गाणं संपलं. निवेदकानं आभार मानले आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांची माहिती सुरू झाली. बाकीच्या बायका हुसेनमियाँचं अभिनंदन करत होत्या, मबरूक, मबरूक. ते मान हलवत होते. पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते कानावर पडूनही त्यांच्या हाती लागलं नव्हतं, हे फक्त मला कळत होतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग यायला लागला.

ते दार उघडून खाली उतरले. माझ्या खिडकीपाशी उभं राहून त्यांनी फोन लावला.

"बिलकिस? हां, मीच... आयकलं. आयकलं म्हणतो ना. रेडिओवर. हितं, गाडीत."

फोनमधून असा आवाज फुटला की त्यांनी तो कानापासून लांब धरला. शब्द कळले नाहीत, पण ओरडा बरोबर कळला.

"रागावू नको. आदी आयक तर. एक इचारायचाय... तू कंची होतीस त्यात?"

पलीकडून काहीतरी लागट आलं असावं. हुसेनमियाँनी फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाले,

"वळखणार कसा गो? मी कदी आयकलाय तुजा आवाज?"

रागानं नाही. तक्रारीनंही नाही. आपण रस्ता विचारतो ना कोणाला, तसं विचारलं त्यांनी.

पलीकडचा ओरडा थांबला, आणि मग काहीतरी हळू सुरू झालं; बोलणं नव्हतं ते. ते तसेच उभे राहिले. एक ट्रेलर धाडधाड करत गेला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला. ट्रेलर गेला तरी हात काढला नाही. मग सावकाश आमच्याकडे पाठ केली आणि फोन तसाच कानाशी धरून वाळवंटाच्या दिशेनं पाच-सहा पावलं चालत गेले.

मी, प्रमोदिनी, कोणाच्या डब्यातली भाजीसुद्धा न सोडणारी बाई, मी माझ्या खिडकीची काच वर केली. मागे उम्म करीम विचारायला लागली, काय झालं, कोणाशी बोलतोय. मी तिला म्हटलं, दाखव बघू तुझं ते निळं कापड. आणि तिनं ते सगळं उलगडून दाखवेपर्यंत मी तिकडे पाहिलं नाही.

हुसेनमियाँ परत येऊन बसले. डोळे लाल होते, पण चेहरा असा, की आत्ताच घरून आलेत. किल्ली फिरवली. मी दोन मिनिटं कशीबशी कळ काढली. मग राहवेना.

"पुढचीच ना?"

"नाय वहिनी," ते म्हणाले. "पुढची नाय. ओळ झाली की सगळ्या थांबत होत्या ना? त्या थांबल्या तरी एक आवाज मागं राहत होता बारीक. ती."

त्यांनी आरसे बघितले, सावकाश वळसा घेतला आणि व्हॅन घराकडे वळवली. गालिच्यावरचं ऊन सरकलं, तुडतुड्यांची बातमी मधेच तुटली, आणि रेडिओ मुका झाला. फाटक येईपर्यंत मग मीही काही विचारलं नाही.